बेडकाच्या पोटातला उजेड

औंढ्याच्या ओढ्याकाठी, जांभळीच्या झाडांखाली, माणसं दाटीवाटीने उभी होती. खांद्यावर पोरं घेतलेले बाप, डोक्यावर पदर ओढलेल्या बाया, लोणावळ्याहून टांगा करून आलेले दोन-चार दुकानदार, आणि मी. सन सदतीसचा मे महिना संपत आला होता. पावसाचा पत्ता नव्हता आणि हवा अशी कोंडली होती की कुणालाच एका जागी उभं राहवत नव्हतं. जो तो पाय बदलत होता, मान पुसत होता, शेजारच्याला उगाच विचारत होता, "कधी काढनार?"

मधल्या धोंड्यावर दर्दुरनाथ महाराज बसले होते. अंगात भगवी कफनी, गळ्यात हिरव्या मण्यांची माळ. हिंदूंसाठी कफनी आणि मुसलमानांसाठी माळ, अशी दोन्हीकडची सोय होती.

"दिवे मालवा," त्यांचा शिष्य महिपती ओरडला. कंदील विझले. महाराजांनी मांडीजवळच्या झाकणाच्या टोपलीत हात घातला आणि बेडूक बाहेर काढला. तळ्यातला हिरवा गुळगुळीत बेडूक नव्हे. खरबरीत पाठीचा, मातकट, अंगभर पुळ्या असलेला. घरात शिरला तर बायका केरसुणीने ढकलतात, तो.

"याला बेडूक म्हणू नका," महाराज म्हणाले. आवाज मोठा गोड होता. "बारा वर्षं हा दगडाच्या पोटात होता. अन्न नाही, पाणी नाही. वारा खाल्ला आणि नाम प्यायला. म्हणून याच्या पोटात मणी धरला. कुणी म्हणेल हा नाथांचा, कुणी म्हणेल पीरसाहेबांचा. हा कुणालाच नाही म्हणत नाही."

खरंच, बेडूक काहीच म्हणत नव्हता. महाराजांनी त्याला उताणा धरला आणि त्याचं पांढुरकं पोट लोकांकडे केलं. क्षणभर काही झालं नाही. मग ते पोट आतून उजळलं. फिकट हिरवा उजेड, थांबून थांबून, श्वास घेतल्यासारखा.

 पुढचा एक म्हातारा तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसला.

माझं लोणावळ्याच्या बाजारात फोटोचं दुकान. हवा खायला आलेल्या मुंबईकरांना मी कापडावर रंगवलेल्या धबधब्यापुढे उभं करतो. खरा धबधबा जवळच असतो, तरी लोक खुशीने उभे राहतात. डोळ्यांना कसं फसवायचं हा माझा रोजचा धंदा. म्हणून मी तार शोधली, काच शोधली, कफनीच्या बाहीत बॅटरी आहे का ते पाहिलं. काही सापडलं नाही. बेडूक जिवंत होता आणि उजेड त्याच्या पोटातच होता.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. माझी थोरली बहीण, हसिनाआपा. औंढ्यातच तिचं सासर. दोन वर्षांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणसांचे चेहरे तिला धुरासारखे दिसत, चुलीवरची भाकरी ती हाताच्या अंदाजाने उलटायची.

"रज्जाक," ती म्हणाली, "मला दिसलं रे. हिरवं दिसलं."

अंधारात उजेड होता, तो तिला दिसला, इतकीच गोष्ट. पण हे तिला तिथे, तेव्हा, कोण सांगणार? महिपतीने तिचे शब्द ऐकले होते. त्याने लगेच आरोळी दिली, "आंधळीला दिसलं." माणसं तिच्या पाया पडायला सरकू लागली.

महाराजांनी तिला जवळ बोलावलं. बेडकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर उंचवटे असतात, त्यांवर अंगठा दाबून त्यांनी पांढरा चिकट थेंब काढून दाखवला. "हे मण्याचं दूध. येत्या गुरुवारी तुझ्या डोळ्यांत घालू. पडदा गळून पडेल."

आपाच्या घरी कंदील लावला तरी मला बसवेना. मी ओसरीवर येरझारा घालत होतो.

"पुण्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलीस का, आपा?"

"न्हाई इसरले. डोळ्यात सुरी घालनार म्हनले. बाबा दूध घालनार हायती. आता तूच सांग, कुनाकडं जाऊ?"

"डॉक्टर शिकलेला माणूस आहे."

"सुरी शिकलेली नसती रं."

तिचा नवरा, फकरुद्दीनदाजी, उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होता. गावात त्याचं किराण्याचं दुकान. मी त्याच्याकडे पाहिलं तशी त्याने मान खाली घातली. "मी काय बोलू? नको म्हनलो आनि उद्या दुसऱ्या कुनाला गुन आला, तर ही जलमभर मला बोलंल. व्हय म्हनलो आनि वाईट झालं, तरी मीच."

आपा हसली. दोन वर्षांत ती अशी मोकळी हसली नव्हती, आणि मला त्या हसण्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका शेठजींचा फोटो मी प्लेटवरचं झाकण न काढताच घेतला आणि पुन्हा घ्यावा लागला. ते कुरकुरत गेले आणि सुनेत्राबाई आल्या.

सुनेत्राबाई मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवत. शाळेच्या पुस्तकातले बेडूक विलायतेतले होते, ते त्यांना पसंत नव्हतं. आपल्या मुलींना आपल्या विहिरीवरचा बेडूक दाखवायचा, म्हणून त्या स्वतः फोटो काढत. त्यांच्याजवळ भात्याचा जुना कॅमेरा होता. दिवेलागणीला शाळेच्या विहिरीपाशी गोणपाट टाकून त्या पालथ्या पडत, भाता पूर्ण ओढून कॅमेरा बेडकाच्या वीतभर अंतरावर नेत, आणि डोक्यावर काळं कापड घेऊन वाट पाहत राहत. रस्त्याने जाणारे थांबून बघत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. काचेच्या प्लेटा मी धुऊन द्यायचो. त्यांत बेडकाचा चेहरा असा भरून यायचा की डोळ्यातले बारीक ठिपकेसुद्धा वेगळे दिसत. खरं सांगायचं तर शेठजींच्या चेहऱ्यांपेक्षा मला त्या चेहऱ्यांवर जास्त भाव दिसत.

मी त्यांना औंढ्याची हकिगत सांगितली. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीवरून उठल्या.

"उजेड कुठल्या रंगाचा होता?"

"हिरवट."

"एकसारखा, की लुकलुकत होता?"

"श्वास घेतल्यासारखा. लागायचा, विझायचा."

त्यांनी ओठ दाबले. मग मी दुधाचं सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंगच बदलला.

"डोळ्यांमागचे फुगवटे दाबून काढलं?"

"हो."

"रज्जाकभाई, ते दूध नाही. ते त्याचं विष आहे. आमच्या कुत्र्याने एकदा असा बेडूक तोंडात धरला. तोंडाला फेस येऊन तो दिवसभर लोळत होता. आणि मी एकदा बेडूक उचलल्यावर हात न धुता डोळा चोळला. फक्त चोळला. डोळ्यात मिरची भरल्यासारखं झालं. इथे तर थेंब घालणार. ताईंचे डोळे आज पिकलेत, उद्या जळतील. मग कुठला डॉक्टर काय करणार?"

माझ्या हातातली प्लेट मी खाली ठेवली.

बाईंनी ठरवलं की महाराजांच्या बेडकाचा फोटो घ्यायचा, तोही अगदी जवळून. परवानगी मागायला मी गेलो. मला वाटलं होतं महाराज नकार देतील. पण छबी म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. आपला फोटो घरोघर लागावा ही इच्छा त्यांनाही होती. मंगळवारी आम्ही दोघं कॅमेरा घेऊन औंढ्याला गेलो. उजेड उतरत आला होता. महाराजांनी दाढी विंचरून घेतली, डोळे अर्धे मिटले, आशीर्वादाचा हात वर केला. मी त्यांचे फोटो घेतले.

"आता बेडकाचा," बाई म्हणाल्या.

महिपती पुढे आला. "त्याला तरास न्हाई द्यायचा. तो ध्यानात असतो."

"मी हात लावणार नाही. धोंड्यावर ठेवा फक्त."

महाराजांनी मान हलवली. महिपतीने टोपली घेतली, पाठ फिरवून त्यात काहीतरी केलं आणि बेडूक धोंड्यावर ठेवला. बाई पालथ्या झाल्या. गर्दी नव्हती, दहा-पाच गावकरी होते. एक शिकलेली बाई धुळीत आडवी होऊन बेडकाच्या तोंडाला तोंड लावते हे पाहून त्यांना हसू आवरेना. बाई काळ्या कापडाखाली इतका वेळ राहिल्या की महाराजांचा वर केलेला हात दुखून खाली आला.

"आता," त्या म्हणाल्या. मी मॅग्नेशियमची पूड पेटवली. लख्ख उजेड पडला, धूर झाला. बेडूक हललाही नाही.

परतीच्या टांग्यात बाई बोटं मोडत बसल्या होत्या.  मग म्हणाल्या, "त्याचे डोळे आत गेले. पाहिलंत?"

"नाही."

"बेडूक घास गिळतो तेव्हा त्याचे डोळे टाळूतून आत दबतात आणि घास खाली ढकलतात. मी शंभरदा पाहिलंय. हा बारा वर्षांचा उपाशी बेडूक माझ्यासमोर गिळत होता."

दुकानात लाल दिव्याखाली आम्ही प्लेट धुतली. आधी धोंडा आला, मग पुळ्या, मग रुंद जिवणी. आणि जिवणीच्या उजव्या कोपऱ्यात, ओठाबाहेर राहिलेला, एक बारीक पाय आणि पंखाच्या कवचाचा तुकडा. बाईंनी भिंग धरलं.

"काजवा," त्या म्हणाल्या.

मला एकदम सगळं दिसलं. मे अखेरीला ओढ्याकाठची ती झाडं काजव्यांनी भरून जातात. महिपती अंधार पडता पडता ते पकडत असणार, फडक्यात बांधून टोपलीत सोडत असणार. उपाशी ठेवलेल्या बेडकाच्या पोटाची कातडी ताणलेली, पातळ. गिळलेले काजवे आत मरेपर्यंत लुकलुकत राहतात. तो मणी, तो श्वास.

फोटो वाळला तसा तो घेऊन मी बुधवारी सकाळीच आपाकडे धावलो. तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"काय हाय ह्यात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आंधळेपणाकडे निघालेल्या बाईला चित्र दाखवायला आलो होतो.

"बेडकाच्या तोंडात काजवा आहे, आपा."

"तू म्हनतोस."

फकरुद्दीनदाजीने फोटो घेतला, दाराशी नेऊन नीट पाहिला. "पाय हाय किड्याचा, खरं हाय. पन बाबा म्हनंल माशी बसली. मंग?"

 मी तसाच उन्हातून परत आलो. बाईंना सांगितलं तेव्हा त्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरू लागल्या.

"त्यांनी उजेड पाहिलाय," त्या म्हणाल्या. "त्यांना फोटो देऊन भागणार नाही. उजेडच दाखवला पाहिजे."

त्या संध्याकाळी शाळेच्या विहिरीपाशी आम्ही प्रयोग करून पाहिला. एक बेडूक धरला, त्याच्यापुढे काजवे सोडले. बेडकाने ढुंकून पाहिलं नाही. काजवे उडून गेले. दुसरे सोडले, तेही गेले. बेडूक आपला दगडासारखा बसलेला.

"घाबरलाय," बाई म्हणाल्या. "धरल्यावर ते लगेच खात नाहीत. उद्या नवा धरायचा नाही. यालाच भिजलेल्या पाल्यात दिवसभर गप्प राहू देऊ. आणि काजव्याचे पंख थोडे चिकटवले पाहिजेत, म्हणजे तो उडणार नाही, सरपटेल. समोर काही हललं नाही तर बेडकाला ते दिसतच नाही."

"आणि उद्याही नाही खाल्लं तर?"

त्यांनी टोपलीत पाला भिजवून घातला आणि बेडूक त्यात ठेवला.

गुरुवारी ओढ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. पार बेडसे गावापासून माणसं चालत आली होती. आपा नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढे बसली होती, हात मांडीवर, तोंड वर. महाराजांनी बेडूक काढला, पोट उजळलं, गर्दीतून हुंकार उठला. महिपतीने मण्याच्या दुधाची पितळी वाटी पुढे केली.

"थांबा," सुनेत्राबाई म्हणाल्या.

त्या आपाच्या शेजारी जाऊन बसल्या आणि पाल्याने भरलेली आपली टोपली मांडीपुढे उघडली. "हा माझ्या शाळेच्या विहिरीवरचा बेडूक आहे. याने तप केलेलं नाही. रोज दिव्याखाली किडे खातो."

"मास्तरीणबाई, ही जागा नव्हे," महाराज म्हणाले.

"बघू द्या की," मागून एक म्हातारा बोलला. अंबाजी, गावातला जुना माणूस. पहिल्या दिवशी गुडघ्यांवर बसला होता तोच. "बेडूकच हाय. काय खाईल का काय आमाला?"

बाईंनी मलमलीच्या पुरचुंडीतून एक काजवा काढला आणि बेडकापुढे ठेवला. काजवा सरपटू लागला, लुकलुकला. बेडूक हलला नाही. कुणीतरी हसलं.  महाराजांनी दाढीवरून हात फिरवला. "याच्यात तेज नाही, बाई. तेज मिळवावं लागतं."

बाईंनी काजव्याला गवताच्या काडीने जरासं टोचलं. तो वळला, पुन्हा लुकलुकला. बेडकाने मान किंचित तिरकी केली. आणि मग तो उजेड नाहीसा झाला. जीभ कुणाला दिसलीच नाही, इतकी ती झटकन गेली आणि आली. बेडकाचे डोळे आत दबले, वर आले.

दुसरा काजवा, तिसरा. बेडूक आता स्वतःच पुढे सरकत होता. पाच-सहा झाल्यावर बाई थांबल्या. "पुरे. जास्त दिले तर त्याला बाधतील." त्यांनी त्याला हळूच उचललं, उताणा केला आणि आपाच्या चेहऱ्यासमोर धरला.

"ताई, दिसतंय?"

आपा पुढे वाकली. हिरवा उजेड तिच्या गालावर लागत होता, विझत होता. 

"दिसतंय," ती म्हणाली. "तसंच हाय."

महाराज सावरले. त्यांना सरावच होता. "बघा लोकहो, आमच्या बेडकाच्या नुसत्या सान्निध्याने शाळेच्या बेडकालाही मणी धरला. हीच ती कृपा."

काही माना हलल्या. खरंच हलल्या. मी ते पाहिलं आणि सगळं हातचं गेलं असं मला वाटलं. तेवढ्यात आपा बोलली. ती मोठ्याने बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"महाराज, मला वाटीतलं दूध घालून घ्यायचंय. पन एक करा. आधी दोन थेंब तुमच्या डोळ्यात घाला. तुमी घाला, मंग मी घालते."

"आमच्या डोळ्यांना पडदा नाही, माई."

"मंग तर चांगलंच. चांगल्या डोळ्याला काय व्हनार?"

महाराजांनी वाटीकडे पाहिलं. वाटी महिपतीच्या हातात होती, तो ती स्वतःपासून लांब धरून उभा होता. अंबाजी उठून पुढे आला. त्याने वाटी घेतली आणि महाराजांपुढे धरली. "घ्या, महाराज. तुमचंच दूध हाय."

महाराजांनी हात पुढे केला नाही.

आणखी काही बोलायची गरज उरली नाही. बाया पोरांना घेऊन उठू लागल्या. दोन तरण्यांनी महाराजांची टोपली हिसकली. आत पाल्याखाली आणखी चार-पाच बेडूक निपचित पडले होते, एक मेलेला होता. पोरं त्या बेडकांवर दगड उचलणार तशा बाई मधे गेल्या. "त्यांना मारून काय मिळणार? त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं." त्यांनी जिवंत होते ते ओढ्याच्या ओलीत सोडले आणि मग कितीतरी वेळ मातीने, पाण्याने, पुन्हा मातीने हात धूत राहिल्या. महाराज आणि महिपती त्या गडबडीत खिंडीच्या वाटेने निघून गेले. कुणी त्यांच्या मागे धावलं नाही. लाज लोकांनाही वाटत होती.

आपाची भीती एवढ्याने गेली नाही. आणखी पंधरवडा ती रोज वेगळं कारण काढत राहिली. शेवटी फकरुद्दीनदाजीच एके सकाळी म्हणाला, "चल, मी व्हय म्हनतो. वाईट झालं तर मला बोल." पुण्याच्या इस्पितळात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ती उताणी पडून होती, मान हलवायची मनाई होती. पट्टी सुटल्यावर जाड भिंगाचा चष्मा मिळाला. डोळा पूर्वीसारखा झाला नाही. पण भाकरीचा पापुद्रा सुटलेला तिला दिसतो, नातवंडांपैकी कोण रडतंय ते दिसतं. दुसऱ्या डोळ्याला ती अजून तयार नाही.

मी हे लिहितो आहे ते महाराजांना हसण्यासाठी नाही. त्यांनी आमच्यापुढे जे धरलं ते खोटं नव्हतं. उजेड खरा होता. खोटी होती ती त्याची कथा. आणि ती कथा आम्ही मुकाट्याने ऐकून घेतली, कारण आमच्या घरात एक दुखणं होतं आणि आम्हाला घाई होती. अशी घाई उद्या तुमच्याही घरी येईल. तेव्हा समोर काही विलक्षण दिसलं तर जरूर पाहा, जवळ जाऊन पाहा, पालथं पडावं लागलं तरी पडा. आणि औषध कुणी देत असेल तर ते काय आहे, कशातून आलं, देणारा स्वतः ते घेईल का, हे विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या हातून काही घेऊ नका.